निरवानिरव

शास्त्रवाचन : २ राजे २०:१-२१; लूक १२:१३-२१; योहान १९:२५-२७



हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्याला लागला तेव्हा यशया संदेष्टा त्याच्याकडे आला आणि त्याने परमेश्वराच्या नावाने त्याला सांगितले की, तुझा अंत जवळ आला आहे, तेव्हा आपल्या घराची निरवानिरव कर. या अध्यायावरील प्रवचने आपण पुष्कळदा ऐकली आहेत. राजाने भिंतीकडे तोंड फिरवले, तो रडला, त्याने प्रार्थना केली आणि देवाने त्याला पंधरा वर्षे वाढवून दिली, हे आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मूलही सांगेल. परंतु संदेष्ट्याच्या तोंडची पहिली आज्ञा निरवानिरवीची होती, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या शब्दावर आज थोडे थांबू या.

पंधरा वर्षे मिळाली म्हणून ती आज्ञा रद्द झाली, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. पुढे काय झाले ते त्याच अध्यायाच्या शेवटी वाचा. बाबेलच्या लोकांना राजाने आपली सारी भांडारे दाखवली. तेव्हा यशयाने त्याला बजावले की, ही सारी संपत्ती एक दिवस लुटून नेली जाईल व तुझ्या वंशातील काहींना बंदिवान व्हावे लागेल. त्यावर राजाचे उत्तर असे की, माझ्या हयातीत शांती आहे ना, मग झाले! आणि पुढच्याच अध्यायात त्याचा पुत्र मनश्शे बारा वर्षांचा असताना गादीवर बसतो. म्हणजे वाढवून मिळालेल्या त्या पंधरा वर्षांतच हा मुलगा जन्मला होता. या मनश्शेने बापाने पाडलेली उच्च स्थाने पुन्हा उभारली. भक्तिमान राजाला आयुष्य मिळाले, परंतु आपल्या पाठीमागे काय होईल याची काळजी त्याने वाहिलेली दिसत नाही.

“माझ्या हयातीत ठीक चालले आहे ना?” हे वाक्य आपल्या घरांतूनही ऐकू येते. निरवानिरव म्हणजे काय? ज्याचे त्याला देणे, जे ज्याच्या स्वाधीन करायचे ते करणे, आणि मागे राहणाऱ्यांना वाट दाखवून ठेवणे. आजच्या काळात या कामाचे एक साधे साधन म्हणजे मृत्युपत्र होय. आज मी त्याविषयी, आणि त्यात देवाच्या कार्यासाठी ठेवण्याच्या वाट्याविषयी बोलणार आहे.

आपण का टाळतो?

मृत्युपत्र केले की मरण लवकर येते, अशी एक समजूत आपल्या लोकांत अजून आहे. प्रत्येक रविवारी पुनरुत्थानावरील आपला विश्वास उभे राहून कबूल करणाऱ्या लोकांनी एका कागदाला भ्यावे, हे आपल्याला शोभत नाही. दुसरे म्हणतात, “आमच्यापाशी आहे काय? दोन खोल्या आणि बँकेत थोडी ठेव.” परंतु दोन खोल्यांसाठीच भाऊ भावाचे तोंड पाहीनासा होतो. ज्याच्यापाशी वाडे आहेत त्याच्या मुलांना वकील करणे परवडते. दोन खोल्यांचे भांडण मात्र त्या खोल्याच खाऊन टाकते. तिसरे म्हणतात, “आमची मुले चांगली आहेत, ती आपसांत पाहून घेतील.” मुले चांगली असतीलही. पण सुना येतात, जावई येतात, एकाला नोकरी लागते, दुसऱ्याची सुटते. मुले चांगली आहेत तोवरच त्यांना भांडणाचे कारण न देणे हे आईबापांचे काम आहे.

लूकच्या बाराव्या अध्यायात लोकसमुदायातून एक मनुष्य प्रभूपुढे येतो आणि वतन वाटून देण्यास माझ्या भावाला सांगा, अशी विनंती करतो. त्या दोघांच्या बापाविषयी शास्त्र काही सांगत नाही. परंतु जे त्याच्या हयातीत मिटायला हवे होते ते मिटले नव्हते, एवढे उघड आहे. देवाचा पुत्र समोर उभा आहे, सार्वकालिक जीवनाची वचने कानांवर पडत आहेत, आणि या मनुष्याच्या मनात वाटणीवाचून दुसरे काही नाही! मागे सोडलेला घोळ मुलांच्या आत्म्याला असा चिकटतो. प्रभूने पंच होण्याचे नाकारले, लोभाविषयी इशारा दिला आणि लगेच त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगितला. त्याने कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत केला होता. देवाने त्याला जो प्रश्न विचारला तो नेमका आपल्या विषयाचा आहे : आज रात्री तू गेलास, तर हे सारे कोणाचे? त्या मनुष्याने धान्याची व्यवस्था केली, कोठारांची केली, स्वतःच्या विश्रांतीची केली. या एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नव्हते.

केरी साहेबांचे मृत्युपत्र

विल्यम केरी यांचे नाव मराठी मंडळीला परके नाही. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले आणि मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत, आणि त्या पगाराचा फार मोठा भाग मिशनकार्यातच खर्च होई. ९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपूर येथे प्रभूमध्ये निजले. त्यांनी मागे ठेवलेले मृत्युपत्र लहानच आहे, पण प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने त्यातून शिकावे असे आहे.

त्यांनी पहिली गोष्ट अशी लिहिली की, श्रीरामपूर येथील मिशनच्या जागेवर माझा कसलाही हक्क नाही. ज्या घरात ते राहिले, ज्या आवारात त्यांनी जन्माची मेहनत घातली, ते आवार देवाच्या कार्याचे आहे, माझ्या मुलाबाळांनी त्यावर हात ठेवू नये, असे त्यांनी लेखी बजावून ठेवले. बंधुभगिनींनो, मंडळीच्या जागेत राहणाऱ्यांनी, मंडळीचे कागद ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी, हे पहिले कलम वाचून आपल्या मनाची परीक्षा करावी.

दुसरी गोष्ट, पत्नी ग्रेस हिचे लग्नाच्या वेळी तिच्या नावे बांधून दिलेले सुमारे २५,००० रुपये होते. ते तिचे आहेत, त्यांवर माझा दावा नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. शिवाय आपल्या ग्रंथांतून तिला हवी ती इंग्रजी पुस्तके तिने निवडून घ्यावीत, असेही लिहिले.

तिसरी गोष्ट, फेलिक्स व विल्यम या मुलांना पूर्वी प्रत्येकी १,५०० रुपये दिले होते. जाबेझ या मुलाला तेवढेच द्यायचे राहिले होते, आणि हाती पैसा उरला नव्हता. म्हणून उरलेला ग्रंथसंग्रह विकून त्यातून जाबेझला १,५०० रुपये द्यावेत, असे त्यांनी ठरवले. ज्याने जन्मभर पुस्तके जिवापाड जपली त्याने मुलामुलांत भेद राहू नये म्हणून ती विकायला सांगितली!

चौथी गोष्ट, आपला खनिजे, शंखशिंपले, पोवळी व कीटक यांचा संग्रह, वाळवून जतन केलेल्या वनस्पती आणि निरनिराळ्या भाषांतील पवित्र शास्त्राच्या प्रती त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजाला दिल्या. त्यांनी दिलेली वस्तू ती नीट वापरू शकेल अशा संस्थेकडे गेली, हे लक्षात घ्या.

आणि शेवटी, माझी सर्व कर्जे आधी फेडावीत, माझी प्रेतयात्रा अगदी साधी असावी, असे लिहून त्यांनी हे सर्व पार पाडण्यासाठी दोन विश्वासू माणसांची नेमणूक केली.

कर्ज, पत्नी, मुले, देवाचे कार्य, आणि मंडळीच्या मालमत्तेपासून स्वतःची मालमत्ता वेगळी ठेवणे, हे सर्व त्या एका कागदात आले आहे.

कागद नसेल तर काय होते?

आपण भारतीय ख्रिस्ती लोक १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतो. गोव्यातील बंधूंसाठी वेगळा कायदा आहे, त्याविषयी पुढे सांगतो. मनुष्य मृत्युपत्र न करता वारला आणि त्याला पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक-तृतीयांश मिळते आणि उरलेले दोन-तृतीयांश सर्व मुलांत सारखे वाटले जाते. मुले-नातवंडे नसून इतर रक्ताचे नातलग असले, तर पत्नीला निम्मे व त्यांना निम्मे. पत्नी वारली तर पतीचा हक्कही असाच.

या वाटणीत मुलगा आणि मुलगी सारखी आहेत, हे नीट ऐका. केरळातील त्रावणकोर भागात जुन्या संस्थानी कायद्याने ख्रिस्ती मुलींना फार थोडे मिळे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने मेरी रॉय यांच्या खटल्यात निकाल दिला की, तेथेही १९२५ चाच कायदा लागू आहे. आपल्या भागात मुलींना हा हक्क त्याआधीपासूनच होता. पण तो कागदावर राहतो आणि घरात “तिचे लग्न करून दिले, तिचा वाटा संपला” असे म्हणून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. भावाचे तोंड बघायला मिळावे म्हणून ती मुकाट्याने सही करते. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी बापाच्या वतनात वाटा मागितला. त्या योग्य बोलत आहेत, असा न्याय परमेश्वराने स्वतः दिला. मुलीचा हक्क देवाने ऐकला. तो बुडवणारे ख्रिस्ती घर देवाला काय उत्तर देईल?

आता कायद्याच्या वाटणीतून कोण सुटते ते पाहा. मुले असलेला मनुष्य मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या म्हाताऱ्या आईला काहीच मिळत नाही. मुलगा आधी वारला असेल तर सासऱ्याच्या मालमत्तेत विधवा सुनेला वाटा नाही. तो नातवंडांना मिळतो. कायदेशीर दत्तक न घेता पोटच्या मुलाप्रमाणे वाढवलेले अनाथ लेकरू रस्त्यावर येते. चाळीस वर्षे घरात राबलेली बाई, शेजारची निराधार आजी, ज्या मंडळीत आपला बाप्तिस्मा व विवाह झाला ती मंडळी, यांपैकी कोणालाही कायदा ओळखत नाही. कायदा रक्त ओळखतो. प्रेमाची आठवण ज्याची त्यानेच लिहून ठेवावी लागते.

आपल्या प्रभूने काय केले? वधस्तंभावर, यातना सोसत असताना, त्याने आपल्या आईकडे पाहिले आणि तिला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले. त्याच्यापाशी घर नव्हते, शेत नव्हते. अंगावरची वस्त्रेही शिपायांनी वाटून घेतली होती. तरी आईची निरवानिरव त्याने केली. “आमच्यापाशी आहे काय?” असे म्हणणाऱ्याने वधस्तंभाकडे पाहावे.

बँकेतील ठेवीला नाव लावले आहे, आता काळजी नाही, असे काहींना वाटते. परंतु नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे तो ठेवीचे पैसे फक्त हाती घेतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याला दिले त्याची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले आहे. म्हणून नाव लावणे चांगले, पण तेवढ्याने निरवानिरव होत नाही.

कागद कसा करावा?

मृत्युपत्र साध्या कागदावर होते, मुद्रांक लागत नाही. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांसमक्ष सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या पतीने वा पत्नीने, साक्षीदार होऊ नये. तसे झाल्यास मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेली देणगी बाद होते. म्हणून मंडळीला काही ठेवायचे असेल तर पाळकांनी व पंचमंडळीनेही साक्षीदार न होणे बरे. वयस्कर व्यक्तीने डॉक्टरांचा दाखला जोडावा.

नोंदणी सक्तीची नाही, पण केल्यास पुढचे पुष्कळ वाद टळतात. पाकीट लाखबंद करून जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. २००२ च्या दुरुस्तीपासून भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेण्याची सक्ती राहिलेली नाही. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि शेवटचे असेल तेच खरे. मात्र एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते : मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केले तर पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर वा विधवेने पुन्हा विवाह केला तर नवा कागद करावा.

पत्नीच्या वाट्याबरोबर, तिला हयातीपर्यंत घरात राहण्याचा हक्क आहे, असेही लिहावे. नाहीतर वाटणीसाठी घर विकायची वेळ येते आणि म्हातारपणी तिला या मुलाकडून त्या मुलाकडे फिरावे लागते. एक एक्झिक्युटर नेमावा, म्हणजे हे सारे पार पाडणारा माणूस. तो देवभीरू आणि हिशेबाला चोख असावा. मिळकत, कर्ज किंवा जुना वाद असेल तर वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालत आली आहे व ती आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आली आहे. तेथे मुले असलेल्या व्यक्तीला आपल्या मालमत्तेच्या निम्म्याच भागाची मृत्युपत्राने आपल्या इच्छेप्रमाणे व्यवस्था करता येते. उरलेला निम्मा भाग वारसांसाठी राखीव असतो. विवाहातील मालमत्ता सामायिक असेल तर तिचा अर्धा भाग मुळातच जोडीदाराचा. म्हणून गोव्यातील बंधूंनी तेथील विशेष नोटरीला विचारल्यावाचून काही लिहू नये.

देवाच्या कार्याचा वाटा

आता नाजूक भागाकडे येतो. मंडळीसाठी वाटा ठेवावा काय? होय, ठेवावा. पृथ्वी व तिच्यातील सर्व काही परमेश्वराचे आहे, आपण कारभारी आहोत. कारभाऱ्याने शेवटच्या हिशेबात धन्याला विसरू नये. परंतु कोणत्या क्रमाने, हेही शास्त्रच सांगते. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने परूशांना व शास्त्र्यांना याच गोष्टीबद्दल दोष दिला. आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे म्हणायचे आणि त्यांना उपाशी ठेवायचे, अशी वाट त्यांनी काढली होती. प्रभूच्या दृष्टीने तो देवाचा मान नसून देवाच्या आज्ञेचा भंग होता. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे पौलही तीमथ्याला लिहितो. तेव्हा विधवा पत्नीला, अपंग मुलाला वा कर्ज देणाऱ्याला वंचित करून लिहिलेली देणगी मंडळीने हात लावण्याजोगी नव्हे.

आपल्या कायद्याचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. १९२५ च्या कायद्यातील ११८ वे कलम असे होते की, पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग ज्याला आहे त्याने धर्मकार्याला वा धर्मादायाला काही ठेवायचे असेल, तर मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेले असावे आणि केल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारी ठिकाणी ठेवलेले असावे. नाहीतर ती देणगी रद्द. असे मृत्युपत्र करून कोणी अकराव्या महिन्यात देवाघरी गेला, तर अनाथालयाला ठेवलेला त्याचा पैसा नातलगांकडे जाई. हिंदूंना व मुसलमानांना ही अट नव्हती. पारशांनाही १९९१ साली त्यातून सूट मिळाली. केरळातील एका ख्रिस्ती धर्मगुरूने याविरुद्ध दाद मागितली आणि २००३ साली जॉन वल्लमट्टम यांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरवले. आज कोणीही ख्रिस्ती मनुष्य मोकळेपणाने देवाच्या कार्यासाठी ठेवू शकतो. जुन्या समजुतीमुळे “ख्रिस्ती माणसाला मंडळीला लिहून देता येत नाही” असे कोणी सांगितले, तर त्याला हे सांगा.

परंतु ती अट मुळात का आली, याचाही विचार करू या. तिची मुळे इंग्लंडच्या १७३६ च्या कायद्यापर्यंत जातात. मरणोन्मुख मनुष्याच्या उशाशी बसून, त्याच्या भयाचा फायदा घेऊन, घरच्यांचे तोडून धर्माच्या नावाने लिहून घेतले जाईल, अशी भीती त्यामागे होती. न्यायालयाने अट काढली. ती भीती खोटी ठरवणे हे आता आपले काम आहे. कायद्याचे ६१ वे कलम आजही सांगते की फसवून, धाकाने, किंवा मनुष्याची स्वतंत्र इच्छाच उरणार नाही इतका पिच्छा पुरवून करून घेतलेले मृत्युपत्र रद्द आहे. पाळकाने आजाऱ्याच्या खाटेपाशी शास्त्र व प्रार्थना घेऊन जावे, लिहिलेला कागद व शाईची पेटी घेऊन जाऊ नये. मृत्युपत्राची गोष्ट धडधाकट माणसांशी, दिवसाउजेडी, पतीपत्नी दोघे बसलेली असताना करावी, आणि मुलांनाही ती सांगावी.

काय ठेवावे? वीस मुलांची मालमत्ता असो वा एकाची, दशमांशाचा नियम येथेही चांगला मार्गदर्शक आहे. काही जण ठरावीक रक्कम लिहितात. परंतु रुपयाची किंमत उतरत जाते, म्हणून उरलेल्या मालमत्तेचा अमुक हिस्सा असे लिहिणे अधिक बरे. ज्याला मूलबाळ नाही त्याने जास्त विचार करावा. विधवेच्या दोन टोल्यांचा हिशेब ज्याने ठेवला तो लहान देणगी विसरत नाही. मेथडिस्ट मंडळ्यांचे मूळ पुरुष जॉन वेस्ली १७९१ साली वारले. आपली प्रेतयात्रा गाडीघोड्यांवाचून व्हावी, आणि देह वाहून नेणाऱ्या सहा गरीब माणसांत सहा पौंड वाटावेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले होते. शब्बाथ शाळेची पुस्तके, कब्रस्तानाची पडलेली भिंत, विधवांचा निधी, खेड्यातून आलेल्या मुलीची वसतिगृहाची फी, ही कामे थोड्या पैशांत होतात आणि वर्षानुवर्षे चालतात.

लिहिताना नाव अचूक लिहा. आपण बोलताना “आपली मंडळी” म्हणतो, पण नोंदणीत मंडळीचे किंवा तिची मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्टचे नाव वेगळे असू शकते. ते नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक कार्यालयातून लिहून घ्या. अमुक कामासाठी म्हणून ठेवताना, ते काम पुढे बंद पडले तर त्यासारख्या दुसऱ्या कामासाठी वापरावे, असेही एक वाक्य घाला. ज्यांच्याकडे काम सोपवता त्यांना आधी विचारा. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ साली पॅरिसमध्ये वकिलावाचून मृत्युपत्र केले आणि बक्षिसे देण्याचे काम ज्या संस्थांवर टाकले त्यांना आधी विचारले नव्हते. १८९६ साली ते वारल्यावर वाद उभे राहिले आणि पहिली बक्षिसे निघायला १९०१ साल उजाडले.

मंडळीच्या पंचांनो, आपल्यालाही एक शब्द. लोक मंडळीला का ठेवत नाहीत, याचे कारण दरवेळी कंजूषपणा नसते. आजोबांनी दिलेल्या जमिनीचे काय झाले हे नातवाला कोणी सांगू शकत नाही, जुन्या देणगीचा हिशेब सापडत नाही, मंडळीच्या जागेचे खटले वर्षानुवर्षे चालतात, हे लोक पाहतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कारण देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख असावे अशी त्याची इच्छा होती (२ करिंथ ८:१८-२१). आलेली प्रत्येक मृत्युपत्री देणगी वेगळ्या खात्यात ठेवा, दात्याची अट वहीत लिहा, आणि दरवर्षी मंडळीपुढे तिचा हिशेब वाचा. असा हिशेब दहा वर्षे वाचला गेला तर मंडळीपुढे देणगीसाठी वेगळे आवाहन करावे लागणार नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा विषय मोठ्यांचा म्हणून सोडू नये. सलाफहादाच्या मुलींची गोष्ट शिकवा. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा ही नावे मुलींना पाठ करू द्या, म्हणजे पुढे कोणी हक्कसोडपत्र पुढे केले तर त्यांना ती आठवतील. मुलांना विचारा, तुमच्या आवडत्या वस्तूंपैकी एक दुसऱ्याला द्यायची असेल तर कोणती द्याल आणि का? कारभारीपणाचा पहिला धडा तेथेच सुरू होतो.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवू या. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात लेखक ख्रिस्ताच्या मरणाची तुलना मृत्युपत्राशी करतो. मृत्युपत्र करणारा मरेपर्यंत ते अमलात येत नाही. आपण सर्व जण अशाच एका मृत्युपत्राचे वारस आहोत. ज्याने ते केले त्याने कोणालाही वगळले नाही. परक्यालाही त्याने मुलाचा वाटा दिला, आणि आपल्या रक्ताने त्यावर सही केली. एवढा मोठा वारसा ज्यांना फुकट मिळाला त्यांनी आपल्या दोन खोल्यांचा कागद न करता, बहिणीचा वाटा बुडवून, विधवेला दारोदार फिरायला लावून आणि देवाच्या कार्याला विसरून जगातून जावे काय?

येत्या रविवारपर्यंत एवढे करा. सायंकाळच्या कौटुंबिक उपासनेनंतर पतीपत्नींनी मिळून एका कागदावर लिहा : आपले काय आहे, आपण कोणाचे देणे लागतो, आपल्या आधारावर कोण जगते, आणि प्रभूच्या कोणत्या कामासाठी आपल्याला ठेवावेसे वाटते. मग त्या कागदावर प्रार्थना करा, आणि त्या महिन्यातच तो वकिलाकडे न्या.

प्रार्थना : हे प्रभो, जे आमच्या हाती आहे ते तुझेच आहे. ते जपण्याची बुद्धी, वाटण्याचा न्याय आणि सोडण्याचे धैर्य आम्हांला दे. आमच्या मागे आमच्या घरांत भांडण राहू नये, तुझी शांती राहो. आमच्या मुलींना त्यांचा वाटा, विधवांना त्यांचे छप्पर आणि तुझ्या मंडळीला चोख कारभारी लाभोत. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या द्वारे. आमेन.